सहा महिने ऊस तोडायचा आणि सहा महिन्यांत रेशन बंद? तामलवाडीच्या रस्त्यावरून दिसणारे स्थलांतर

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांचा लोंढा तामलवाडीवरूनच जातो. सोलापुरातून आणि कर्नाटकातून आलेली माणसे रात्रभर चालत असतात. राष्ट्रीय महामार्ग ५२ च्या कडेला त्यांच्यासाठी चहा, फराळ, पाणी, गोळ्या-औषधे फुकट देणारे मंडप लागलेले असतात. कुणी कुणाला आधार कार्ड मागत नाही, गाव कोणते, जात कोणती हेही विचारत नाही. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत याच रस्त्याने उलट्या दिशेला, बीड-धाराशिवकडून सोलापूर, पंढरपूर आणि कर्नाटकाकडे, ऊसतोड टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर उतरू लागतात. टोलनाक्यापाशी गाडी हळू झाली की आत काय भरले आहे ते दिसते. पत्र्याची पेटी, भांड्यांचे पोते, बांबू, शेळी, म्हातारी, आणि आईच्या मांडीवर तान्हे पोर. त्यांच्यासाठी मंडप नसतो.

यंदाचा गळीत हंगाम १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. त्याच्या आधी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जे झाले ते वाचकांना सांगायला नको. भूम, परंडा, वाशी या भागात शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात हेक्टरी किती आणि जनावरामागे किती याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. पण ज्याच्या नावावर हेक्टरच नाही, त्याच्या घरातले पीठ-मीठ वाहून गेले तर त्याला जे मिळेल ते तुटपुंजे, आणि तेही पंचनाम्यात नाव आले तर. अशा घरांनी काय केले, तर मुकादमाकडून उचल घेतली आणि गाडीत बसले. पूर ओसरला आणि हंगाम उघडला, मधे फारसा काळ गेलाच नाही.

आम्ही तामलवाडी आणि आसपासच्या गावांतले काही कार्यकर्ते गेल्या काही हंगामांपासून रस्त्याकडेच्या कोपींवर, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामाच्या वस्त्यांवर जातो. काम मोठे नाही. रेशन चालू आहे का, लेकरांचे डोस झाले का, शाळेत नाव कुठे आहे, एवढे विचारायचे आणि जे जमेल ते करायचे. या कामातून जे दिसले त्यावरून हा लेख लिहीत आहोत. सुरुवात रेशनपासून करतो, कारण या वर्षी तिथे एक असा नियम आला आहे ज्याकडे चळवळीतल्या माणसांचे अजून लक्ष गेलेले दिसत नाही.

केंद्र सरकारने २२ जुलै २०२५ रोजी सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. तिच्यानुसार सलग सहा महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका तात्पुरती निष्क्रिय करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी जाऊन तपासणी व ई-केवायसी करून ती चालू ठेवायची की रद्द करायची ते ठरवायचे. बोगस कार्डे काढून टाकण्यासाठी हा नियम आहे, असे सांगितले जाते, आणि बोगस कार्डे नाहीत असे आम्हीही म्हणत नाही. पण या नियमाला ऊसतोडीच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. टोळी दिवाळीच्या पुढे-मागे निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये, ऊस जास्त असला तर मे उजाडता परतते. म्हणजे पाच ते सहा महिने. ज्या घरात म्हातारे माणूस मागे राहते ते घर वाचते, कारण कुटुंबातल्या एकानेही अंगठा दिला तरी कार्ड चालू राहते. ज्या घराला कुलूप लागते, नवरा-बायको कोयत्याला आणि पोरे सोबत, तिथे कार्ड थेट धोक्यात येते. तपासणीला कर्मचारी घरी जाईल तेव्हा तिथे कोण असणार? कुलूप. आणि कुलूप म्हणजे कागदावर ‘लाभार्थी आढळून आला नाही’.

म्हणजे नियमाच्या नजरेत बोगस माणूस आणि पोटासाठी बाहेर गेलेला माणूस सारखाच दिसतो.

याच वर्षी राज्यात एप्रिल-मे महिन्यांत अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम झाली. तीत रहिवासाचा पुरावा मागितला गेला. त्या मोहिमेच्या वेळी निदान टोळ्या गावात परतलेल्या तरी होत्या. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत मात्र सप्टेंबरात सुरू झाली आणि वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत आली. त्यातल्या नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या भागातल्या बाया उसाच्या फडात होत्या. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा, तो मोबाइल रिचार्ज नसल्याने बंद, आणि ओटीपी कुणाच्या तरी भलत्याच नंबरवर. एका कोपीवर एक बाई आम्हाला म्हणाली, “दादा, पंधराशे रुपये यायचे ते येऊ द्या नाहीतर राहू द्या, पण माझं नाव तेवढं काटू देऊ नका.” रकमेपेक्षा यादीतल्या नावाची काळजी तिला जास्त होती. यादीतून एकदा बाहेर पडलेले नाव परत घालायला किती खेटे घालावे लागतात, हे तिला आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आता रेशनचा हिशेब. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे मोफतच राहणार आहे. पाच माणसांचे कुटुंब धरा. महिन्याला २५ किलो. सहा महिन्यांचे १५० किलो. कोपीवरच्या माणसाला हेच धान्य जवळच्या दुकानातून घ्यावे लागते आणि ते बहुधा उधारीवर, म्हणजे भाव दुकानदार सांगेल तो. किलोला ३५ रुपये धरले तरी सव्वापाच हजार रुपये होतात. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला पावणेदोन टन तोडतो असे धरले तर साडेसहाशेच्या आत-बाहेर पडतात. म्हणजे हक्काचे धान्य न मिळाल्यामुळे एका जोडप्याची आठ दिवसांची तोड फुकट जाते. पहाटे तीन-चारला उठून, थंडीत, पाचटाने हात चिरून केलेली आठ दिवसांची तोड. ही रक्कम शेवटी उचलीत मिळते आणि उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. रेशनचा आणि वेठीचा संबंध असा सरळ आहे.

कागदावर याला उत्तर आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजना ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या चार राज्यांत महाराष्ट्र होता. गुजरातेतल्या कार्डावर महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राच्या कार्डावर गुजरातेत धान्य मिळायला तेव्हापासून सुरुवात झाली. टाळेबंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात २९ जून २०२१ रोजी निकाल दिला आणि राहिलेल्या राज्यांना ३१ जुलै २०२१ पर्यंत ही योजना लागू करायला सांगितले. आज ती देशभर आहे. बीडच्या कार्डावर तामलवाडीत, तामलवाडीच्या कार्डावर पुण्यात आणि झारखंडच्या कार्डावरही इथे धान्य मिळू शकते. आणि अर्धे कुटुंब गावी, अर्धे फडात असेल तर धान्याचा वाटा दोन ठिकाणी विभागून उचलता येतो. कार्ड बदलावे लागत नाही, दाखला लागत नाही. आधार क्रमांक किंवा कार्डाचा क्रमांक आणि एक अंगठा एवढेच.

मग अडते कुठे? आमच्या अनुभवात तीन-चार जागी. पहिली म्हणजे माहितीच नाही. कोपीवर विचारले तर उत्तर येते, “आमचं रेशन गावाकडं हाय.” रेशन हे गावाला, दुकानाला बांधलेले असते हेच पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात बसले आहे. दुसरी जागा अंगठ्याची. ऊस तोडणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा हंगामाच्या दुसऱ्या महिन्यातच पुसट होतात. पॉस मशीन तीनदा ‘नाही’ म्हणते आणि मागे उभी असलेली गावची माणसे कुरकुरायला लागतात. डोळ्याचे किंवा चेहऱ्याचे प्रमाणीकरण करता येते, पण ते करून द्यायला दुकानदाराला सवड हवी आणि इच्छाही.

तिसरी जागा दुकानदाराची. त्याला आपण सहज शिव्या घालतो, पण त्याची अडचण खरी आहे. त्याच्याकडे माल येतो तो त्याच्या कार्डांच्या हिशेबाने. परगावच्या पाच टोळ्यांनी उचल केली तर महिन्याच्या शेवटी गावच्या माणसाला ‘माल संपला’ सांगायची वेळ त्याच्यावर येते, आणि गावात राहायचे त्याला. दुसरीकडे त्याचे कमिशन क्विंटलमागे आहे. यंदा ते १५० वरून १७० रुपये झाले. जास्त वाटप म्हणजे जास्त कमिशन. ही गोष्ट शांतपणे समजावून सांगितली आणि हंगामाच्या सुरुवातीलाच तहसीलच्या पुरवठा शाखेला ‘या भागात इतक्या टोळ्या उतरल्या आहेत, जादा माल द्या’ असे लेखी दिले, तर भांडणाशिवाय काम होते. आम्हाला हे शिकायला एक हंगाम लागला. पहिल्या वर्षी आम्ही थेट निवेदन आणि घोषणांनीच सुरुवात केली. दुकानदाराने सगळ्यांचेच वाटप दोन दिवस बंद ठेवले आणि गावकरी आमच्यावरच उखडले. त्या दोन दिवसांत कोपीवरच्या माणसांना आमची मदत नको झाली होती, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

अजून एक गोष्ट इथे महत्त्वाची. परगावी केलेली उचल ही उचलच धरली जाते. म्हणजे हंगामात एकदा जरी इथल्या मशीनवर अंगठा उमटला, तरी तिकडे गावाकडचे कार्ड सहा महिन्यांच्या नियमातून सुटते. ई-केवायसीसुद्धा गावीच जाऊन करावी लागत नाही, जवळच्या कुठल्याही रास्त भाव दुकानात होते. हे दोन मुद्दे प्रत्येक कोपीवर पोचवणे हे या हंगामाचे पहिले काम आहे असे आम्हाला वाटते. एप्रिलनंतर पोचवून उपयोग नाही. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालची राज्याची लाभार्थी संख्या, सुमारे ७ कोटी, २०११ च्या जनगणनेवर ठरलेली आहे. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन वेगळी झालेली कुटुंबे ‘इष्टांक शिल्लक नाही’ या तीन शब्दांवर अडतात. ई-श्रमवर नोंदलेल्या पण कार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी लोकांना कार्डे द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आणि मार्च २०२४ मध्ये दोन महिन्यांची मुदत घालून पुन्हा सांगितले. पुढची जनगणना २०२७ ची. तोवर वाट पाहायची का, हा प्रश्न आपल्या पक्षांनी विधानसभेत विचारायला हवा. तो काही विहारातून सुटणार नाही.

कायद्याचीही एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्यात विलीन झाला. नव्या संहितेत आंतरराज्य मजुराला गावी जाण्या-येण्याचे भाडे, रेशन मूळ राज्यात की कामाच्या राज्यात घ्यायचे ते निवडण्याची सोय, अशा तरतुदी आहेत. स्वतःहून आलेल्या मजुराचाही आता व्याख्येत समावेश झाला आहे. हे पुढचे पाऊल आहेच. पण शब्द ‘आंतरराज्य’ आहे. बीडची टोळी बेळगाव जिल्ह्यात गेली तर ती स्थलांतरित. तीच टोळी सोलापूर किंवा सांगली जिल्ह्यात उतरली तर कायद्याच्या लेखी ती कुठेच गेलेली नाही. आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक गाड्या राज्याच्या आतच थांबतात. घरापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, कोपीत, पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि तरीही कायद्याने ‘घरीच’. राज्यातल्या राज्यात हंगामी स्थलांतर करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने स्वतःचे नियम करावेत ही मागणी म्हणूनच रास्त आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे अशी त्याची रचना आहे. पण ओळखपत्र आणि विमा यांपलीकडे कोपीपर्यंत त्याचे काही पोचलेले आमच्या पाहण्यात फारसे नाही. ऊसतोड कामगार नेमके किती, याचे अंदाजच आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत फिरतात. जे मोजलेच नाहीत त्यांच्या नावे तरतूद कशी करणार?

शाळेबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हमी पत्रक आहे, गावाकडे हंगामी वसतिगृहे आहेत, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ज्यांची आजी मागे राहते किंवा वसतिगृह जवळ आहे, त्यांची मुले शिकतात. बाकीची फडात येतात आणि थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते. तिला चार महिन्यांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवायचे तर धाकट्याला अंगणवाडीत घ्यावे लागते, हे ध्यानात येईपर्यंत आम्ही नुसतेच ‘मुलीला शाळेत पाठवा’ सांगत फिरत होतो. अंगणवाडी ताईंनी पोषण आहारात परगावच्या मुलाला धरले की शाळेचा प्रश्न अर्धा सुटतो. इथल्या ताई आणि आशा यांना या कामाचा जादा पैसा नाही, तरी त्या उन्हात कोपीवर येतात. त्यांचे नाव कुठल्या बातमीत येत नाही.

दुसरी एक भीती अलीकडे वस्त्यांवर आली आहे. महामार्गाच्या, धाराशिव–तुळजापूर–सोलापूर रेल्वेमार्गाच्या कामावर परप्रांतांतली माणसे आहेत. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले आणि ते भारतीय नागरिक असल्याचे दिसल्यावर परत आणावे लागले. ती बातमी या वस्त्यांपर्यंत पोचली आहे. जन्माची उशिरा नोंद करण्याचे नियमही राज्यात यंदा कडक झाले. घुसखोर शोधण्यासाठी म्हणून झाले, पण कोपीत जन्मलेल्या पोराच्या बापालाही आता तेच दिव्य करावे लागते. आम्ही वही-पेन घेऊन वस्तीवर गेलो की आता पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कुठल्या ऑफिसातले?” पूर्वी पहिला प्रश्न असायचा, “काय मिळणार?” या दोन प्रश्नांत जो फरक आहे तो गेल्या एक-दोन वर्षांतला आहे. म्हणून आम्ही पहिल्या भेटीत काहीही लिहून घेत नाही. नुसते बसतो. चहा दिला तर पितो.

आता आपल्या आपल्यातले बोलू. या कामाला सर्वांत जास्त विरोध बाहेरून झाला नाही, घरातून झाला. विहारातल्या बैठकीत एका ज्येष्ठ बाबांनी स्पष्ट विचारले, “आपल्याच लोकांचं होईना आणि तुम्ही परक्यांची कार्डं करत फिरता. ज्यांनी आपल्या वस्त्या जाळल्या त्यांचीच लेकरं आहेत ही.” त्यांनी १९७८ पाहिलेले आहे. नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जे झाले त्यात किती बौद्ध कुटुंबांना रातोरात गाव सोडावे लागले, कुणाच्या शेतात लपावे लागले, हे त्यांच्या तोंडून ऐकताना आमच्याकडे उत्तर नव्हते. खोटे कशाला बोला, आजही पूर्ण उत्तर नाही. ऊसतोडीत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा, मराठा, मुस्लिम, पारधी सगळे आहेत. फडात कोयता सारखा आहे, पण कोपी कुणाची कुठे पडते, पाण्याला आधी कोण जाते, यात जात तशीच आहे. आम्ही ज्यांच्या रेशनसाठी भांडलो त्यांच्यातल्या एका घराने आमच्या हातचे पाणी टाळले, हेही घडले आहे.

त्या बैठकीत आम्ही बाबासाहेबांच्या एका पत्राची आठवण काढली. फाळणीनंतर पाकिस्तानातून पूर्व पंजाबात आलेल्या अनुसूचित जातींच्या निर्वासितांबद्दल त्यांनी १८ डिसेंबर १९४७ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले होते. छावण्यांवरचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित यांच्यात भेदभाव करतात, म्हणून ही माणसे छावणीत राहात नाहीत, आणि नियम असा की रेशन व कपडे छावणीत राहणाऱ्यालाच मिळणार. त्यामुळे सर्वांत जास्त गरज असलेला माणूसच मदतीबाहेर राहतो, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ज्येष्ठ बाबा म्हणाले, “बाबासाहेब आपल्या माणसांसाठीच लिहीत होते ना?” बरोबर आहे. त्यांनी आपल्या माणसांसाठीच लिहिले. पण त्यांनी बोट ठेवले ते नियमावर. माणूस अमुक जागी असेल तरच त्याला अन्न, हा तो नियम. ७८ वर्षे झाली तरी आपले रेशन त्याच नियमाभोवती फिरते आहे. फक्त छावणीच्या जागी गावचे दुकान आले. आणि आज त्या नियमाखाली सापडणाऱ्यांत आपलीही कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी नियम बदलायला लावला तर तो शेजारच्या कोपीसाठीही बदलतो. त्यातून आपल्या लोकांपुरता बदल वेगळा काढता येत नाही. बाबांचे समाधान झाले की नाही, माहीत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी विहाराची किल्ली मात्र आमच्याकडे दिली.

निर्वासित हा शब्द आला म्हणून एक गोष्ट. महाराष्ट्रात बौद्ध निर्वासितांची एक वसाहत आहे, हे आपल्या अनेक तरुणांना ठाऊक नसते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी कुटुंबे राहतात. नॉरग्येलिंग असे त्या वसाहतीचे नाव. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कुणाला काय मिळणार हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर ठरते. अरुणाचलमधल्या चकमा बौद्धांना १९६४ पासून तिथे राहूनही हुसकावून लावण्याच्या धमक्या आल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये सांगावे लागले की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे आणि राज्याने त्याचे रक्षण केले पाहिजे. निर्वासिताची आणि आपल्या ऊसतोड कामगाराची परिस्थिती एक नाही. त्याची तुलना करून कुणाचेच दुःख हलके करायचे नाही. पण तिबेटी माणसाला आपण परका म्हणतो, निदान त्याची वेगळी नोंद तरी असते. बीडची बाई तामलवाडीत आली की ती परकीही नसते आणि गावचीही नसते. तिची नोंद गावाकडे, पोट इथे.

मे २०२० मध्ये जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ रेल्वे रुळावर मालगाडीखाली गेले. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी रस्त्यावर अन्नाची पाकिटे वाटली. तामलवाडीच्या रस्त्यावरही वाटली गेली. ते चांगलेच होते. पण पाकिटे वाटणे आणि यादीत नाव टिकवणे यांत आपण पहिलेच काम पुन्हा पुन्हा करतो, कारण त्यात फोटो निघतो. बुद्ध पौर्णिमेला खीरदान होते, ती मे महिन्यात. तेव्हा टोळ्या घरी परतलेल्या असतात. भूक असते ती डिसेंबर-जानेवारीत, उचल संपलेली आणि पहिली पट्टी अजून निघालेली नाही अशा दिवसांत.

या संदर्भात आमच्या लक्षात आलेली एक साधी गोष्ट कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते, बाया-माणसे जमतात. नेमके हेच तीन महिने ऊसतोड कुटुंबे गावात असतात. कार्यकर्ते तयार, जागा तयार, माणसे जमलेली. वाचन संपल्यावर अर्धा तास कागदांसाठी ठेवला तर हंगामाला निघण्याआधी रेशनची ई-केवायसी, पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलांचे आधार, ई-श्रम, जन्माची नोंद, गरोदर बायांचे माता-बाल कार्ड हे सगळे गावातच उरकते. आम्ही गेल्या वर्षावासात हे एकाच विहारात करून पाहिले. सुरुवातीला वाचनाला येणाऱ्या काही उपासिकांना ते आवडले नाही, विहाराचे तहसील झाले म्हणाल्या. एका संध्याकाळी त्यांच्यातल्याच एकीच्या सुनेचे नाव कार्डात नसल्याचे निघाले, तेव्हापासून त्याच आक्का रांग लावायला उभ्या राहतात.

उलट बाजूने, ज्या गावांत टोळ्या उतरतात तिथल्या विहारांनी नोव्हेंबर ते मार्च हे काम हाती घ्यावे. दोन्हीकडची विहारे एकमेकांना फोनवर जोडली गेली तर बीडच्या कार्यकर्त्याला कळेल की त्याच्या गावची टोळी कुठल्या अड्ड्यावर आहे, आणि इथल्या कार्यकर्त्याला कळेल की कुणाचे नाव कुठे अडले आहे. तुळजापूर तालुक्यात टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र १९८६ पासून आहे, अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचे गावोगावच्या आरोग्याचे काम जुने आहे. शिकायचे म्हटले तर लांब जावे लागत नाही. आपल्या समाजातली एमएसडब्ल्यू, एमए झालेली पोरे स्पर्धा परीक्षेची वाट पाहात बसलेली आहेत. त्यांना महिन्यातले दोन रविवार मागायला हरकत नाही.

कोपीवर जाताना काही गोष्टी सोबत ठेवा. परगावी धान्य नाकारले तर ते कोणत्या कारणाने, हे दुकानदाराला मशीनवरूनच विचारा. मशीनने नाकारले की माणसाने, हे आधी कळले पाहिजे. तक्रारीसाठी रेशनचा १९६७ आणि एक देश एक रेशन कार्डाचा १४४४५ हे क्रमांक आहेत. अंगठा लागत नसेल तर दुपारी जा, सकाळी थंडीत बोटे आणखी बधिर असतात. मुकादमाला टाळू नका, त्याच्याशी बोला. तो सोबत आला तर टोळी एका दिवसात दुकानावर येते. तो आडवा आला तर कुणीच येत नाही. आणि केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना आपल्या जिल्ह्यात धान्याऐवजी माणशी १७० रुपये खात्यात येतात, त्यांना दुकानावर नेऊन त्यांचा दिवस वाया घालवू नका. आम्ही घालवला आहे.

या हंगामाचे दोन महिने संपत आले. सहा महिन्यांच्या हिशेबात एप्रिलअखेरपर्यंत चार उरले. तामलवाडीच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या हाताला जी टोळी उतरली आहे, तिच्यातल्या चार घरांना कुलूप आहे आणि त्या चौघांचेही अंगठे अजून लागायचे आहेत. येत्या रविवारी दुपारी आम्ही त्यांना घेऊन दुकानावर जाणार आहोत.